खाडीपेक्षा खाडा रुंद

ठाणे शहरात उरलेला शेवटचा समाजवादी म्हणजे डास. त्याचा जन्म टॉवरच्या बाल्कनीत, मनीप्लांटच्या कुंडीखालच्या बशीत होतो आणि जेवायला तो चाळीत जातो. चावताना तो रेशनकार्डाचा रंग विचारत नाही, आधार लिंक आहे का पाहत नाही. समता म्हणतात ती ही. मात्र ती चावण्यापुरतीच. पुढचा कारभार माणसांकडे आहे.

खोपटच्या टॉवरमधल्या ताई आणि त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या, गोकुळदासवाडीकडून येणाऱ्या मावशी, दोघींना एकाच आठवड्यात ताप आला असे धरू. ताई मोबाइलवर बोट फिरवतात. सकाळी सातला रक्त न्यायला मुलगा दारात हजर, दुपारी रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर प्लेटलेट्सची चर्चा रंगते आणि पपईच्या पानांचा रस सुचवणारे तज्ज्ञ पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत पसरतात. मावशी मेडिकलवाल्याला म्हणतात, "अंग मोडून आलंय, दोन गोळ्या द्या," आणि कामावर जातात. उभे राहवेना तेव्हा सरकारी दवाखाना आठवतो. पण ओपीडी सकाळी, आणि चार घरची भांडीही सकाळीच. एक दिवस केसपेपरच्या रांगेत जातो, दुसरा रक्त द्यायला, तिसरा रिपोर्ट आणायला. औषध फुकट मिळते. तीन खाडे मात्र रोखीने भरावे लागतात.

ताई आजारी पडल्या की घर म्हणते, "आराम कर." मावशी आजारी पडल्या की तेच घर म्हणते, "आधी सांगायचं ना!"

बरे, खाडा करायचा ठरवला तरी जायचे कुठे? आपल्याकडे नुसते आजारी पडून भागत नाही, कोणत्या खात्याच्या हद्दीत पडतो आहोत तेही बघावे लागते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. उत्तम निर्णय. पण महापालिकेची रुग्णालये त्यात नव्हती. म्हणजे ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटल राज्याचे म्हणून मोफत; कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय पालिकेचे, म्हणून त्याचा हिशेब वेगळा. खाडीच्या अलीकडे एक सरकार, पलीकडे दुसरे. तापाने फणफणलेल्या माणसाने रिक्षात बसण्याआधी राज्यघटनेतली अधिकारांची वाटणी वाचून घ्यावी, ही अपेक्षा काही फार नाही.

अलीकडच्या सिव्हिलची गोष्टही ऐकण्यासारखी. सिव्हिलच्या, म्हणजे विठ्ठल सायन्ना रुग्णालयाच्या, जागी 900 खाटांचे सुपरस्पेशालिटी रुग्णालय उभारायचे म्हणून 2023 मध्ये सिव्हिलचे बिऱ्हाड मनोरुग्णालयाच्या आवारात हलवले. कोणी जरा वेडेपणा केला की 'याला ठाण्याला न्या' म्हणायची उभ्या महाराष्ट्राची जुनी खोड. तेव्हापासून पाय मोडलेल्यालाही तिथेच न्यावे लागू लागले, त्यामुळे निदान भेदभावाचा आरोप तरी उरला नाही.

इथे चेष्टा थोडी थांबवायला हवी. त्याच ऑगस्टमध्ये, मोफत उपचारांच्या मुहूर्ताला दोन दिवस असताना, कळव्याच्या 500 खाटांच्या रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले. अनेक जण अत्यवस्थ होऊनच आले होते, असे खुलाशात सांगितले गेले. खुलासा खोटा मानायचे कारण नाही. पण माणूस अत्यवस्थ होईपर्यंत का थांबतो, हा प्रश्न चौकशी समितीला विचारण्याजोगा नसतो. तो हजेरीपटाला विचारावा लागतो.

योजनांचाही ओढा अत्यवस्थांकडेच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. हृदयाची शस्त्रक्रिया त्यात बसते, मात्र रक्तदाबाच्या गोळीसाठी महिन्याला होणारी खेप कोणत्याही पॅकेजात बसत नाही. थोडक्यात, शासनाचे म्हणणे असे: नळ गळतोय तोवर आमच्याकडे येऊ नका, घर वाहून गेले की या.

धर्मादाय रुग्णालयांत तर 2006 च्या उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि आणखी 10 टक्के दुर्बलांसाठी राखीव आहेत. या खाटा परमेश्वरासारख्या असतात. सर्वत्र आहेत असे सगळे सांगतात, दर्शन मात्र पुण्यवानाला, तेही नगरसेवकाचा फोन गेल्यावर.

आजारपणातली ही विषमता आपल्याकडेच आहे असे समजून कोणी कष्टी होऊ नये. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या पुरुष कर्मचाऱ्यांचा 1967 पासून अभ्यास झाला. साहेब आणि शिपाई एकाच कचेरीतले, दोघांना सरकारी आरोग्यसेवा सारखीच मोफत. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचे मृत्यूचे प्रमाण वरच्या साहेबांच्या जवळजवळ तिप्पट निघाले. सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही फरक पुरता मिटला नाही. दवाखान्याचे दार उघडे ठेवल्याने दारापर्यंतचा रस्ता सपाट होत नाही, एवढेच साहेबाच्या देशाने आकडे मांडून सांगितले.

आपल्या सरकारलाही हे ठाऊक नाही असे नाही. 1 मे 2023 ला राज्यभर 'आपला दवाखाना' सुरू झाला तेव्हा वेळ दुपारी 2 ते रात्री 10 ठेवली होती. गरिबाकडे आजारी पडायला सकाळ नसते, हे तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात आले होते. तेच शहाणपण रक्ततपासणीला आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या ओपीडीलाही लागू करा, रिपोर्ट त्याच दिवशी हातात द्या, म्हणजे तीन खाड्यांचा एक होईल. त्यासाठी 900 खाटांची वाट पाहावी लागत नाही.

आणि वाचकहो, घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा राज्याने 2008 मध्येच केला, पण आजारपणाची भरपगारी रजा द्यायला आपले घर आजही बांधील नाही. तेव्हा सरकार सुधारेल तेव्हा सुधारेल. या महिन्यात मावशींना ताप आला, तर त्यांचे खाडे कापू नका.