मंजूर मर्यादा : एक हजार वॉट

स्फोट तसा लहानच होता, लवंगी फटाक्याएवढा. पण रात्री पावणेबारा वाजता डोंबिवलीतल्या वन बीएचकेमध्ये लवंगीसुद्धा सुतळी बॉम्ब वाटते. सौभाग्यवती स्वयंपाकघराकडे धावल्या, कारण घरात काहीही करपलं तरी ते दूधच असतं अशी त्यांची श्रद्धा आहे. मी मीटरकडे धावलो. चिरंजीव जागचे हलले नाहीत. कानांवर ते भलेमोठे हेडफोन तसेच ठेवून काळ्या पडद्याकडे बघत बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "बाबा, एसएमपीएस गेला."

सूर असा होता की माझ्या तोंडून "कधी?" असंच निघालं.

एसएमपीएस हा शब्द मला नवा नव्हता. आमच्या सहकारी बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा प्रशिक्षणात सगळ्यांकडून घोकून घेतलेल्या फुल फॉर्मांपैकी तो एक. स्विच मोड पॉवर सप्लाय. भिंतीतली 230 व्होल्टची वीज घ्यायची आणि आतल्या मंडळींना 12, 5 आणि 3.3 व्होल्ट अशी वाटून द्यायची, एवढं या पत्र्याच्या डब्याचं काम. त्याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी कर्ज विभागात. एकतीस वर्षं लोकांची प्रकरणं तपासली. घरात एक प्रकरण शिजत होतं, ते दिसलं नाही.

चौकशी तिथल्या तिथे बसवली. निष्पन्न झालं ते असं: चिरंजीवांनी शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून जीटीएक्स 1080 टीआय नावाचं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. ते एकटं 250 वॉट खातं. आणि ते जोडलं होतं कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसला. त्याला कार्डासाठी लागणाऱ्या वायरीच नव्हत्या, म्हणून हार्ड डिस्कच्या वायरींना जोडतोड करून काम भागवलेलं.

"पण यावर 450 वॉट लिहिलंय," चिरंजीव म्हणाले.

लिहिलेलं खरं धरायचं नाही, हे आमच्या खात्यातलं पहिलं शिक्षण. मी चष्मा लावला, टॉर्च घेतला आणि डब्याचं लेबल वाचायला बसलो. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 12 व्होल्टचा रकाना होता. त्याखाली 16 अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. प्रोसेसर असो की ग्राफिक्स कार्ड, आजकाल सगळे मोठे खाणारे या 12 व्होल्टच्याच पंगतीला बसतात. 5 आणि 3.3 व्होल्टकडे फारसं कोणी फिरकत नाही. तिथले आकडे फुगवून बेरीज साडेचारशेवर नेली होती. मला गहिवरून आलं. गोदामात न खपणाऱ्या मालाची थप्पी दाखवून कर्ज उचलणारे किती व्यापारी मी पाहिलेत! लेबल नव्हतंच ते, स्टॉक स्टेटमेंट होतं.

आता आत काय जळलंय ते बघावं म्हणून मी स्क्रूड्रायव्हर घेतला, तोच वरच्या मजल्यावरचे अण्णा दारात उभे. अण्णा वीज खात्यातून निवृत्त झालेले. जळक्या वासावर ते अर्ध्या झोपेतून उतरून आले होते. "हात लावू नका!" ते इतक्या जोरात ओरडले की समोरचं दारही उघडलं. "प्लग काढलात तरी आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट बसून असतात. माणूस निवृत्त झाला तरी खुर्ची सोडत नाही, तसं." हे ते स्वतः आमच्या सोफ्यावर बसत म्हणाले आणि चहा होईपर्यंत उठले नाहीत.

चहा पिताना चिरंजीवांनी दुसरा कबुलीजबाब दिला. तसंच आणखी एक कार्ड येणार होतं. दोन कार्डं एका पुलाने जोडायची, दोघांनी मिळून एकच चित्र रंगवायचं. याला एसएलआय म्हणतात. दुसरं कार्ड सेकंडहँड होतं, स्वस्तात मिळालेलं. "मायनिंगमधलं आहे," तो म्हणाला.

सौ. म्हणाल्या, "चंद्रपूरचं का?"

ती खाण वेगळी. 2018 सालात बिटकॉइन आणि त्याची भावंडं गडगडली, तेव्हा रात्रंदिवस कार्डं चालवून आभासी नाणी पाडणाऱ्यांनी ती किलोच्या भावाने काढायला सुरुवात केली. तशातलंच हे एक. थोडक्यात, बुडीत धंद्याची जप्त यंत्रसामग्री. लिलावात मी अशी पुष्कळ विकली आहे, विकत घेणाऱ्याच्या बाजूने कधी उभा राहिलो नव्हतो.

रविवारी सकाळी मी वही घेतली, समास आखला आणि अर्जदाराला समोर बसवलं.

"कार्डं?"

"अडीचशे अधिक अडीचशे."

"प्रोसेसर?"

"कागदावर 95. पण बाबा, मी ओव्हरक्लॉक करणार."

ओव्हरक्लॉक म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा चिप जास्त वेगाने पळवायची, आणि ती धापा टाकू लागली की तिला थोडं जास्त व्होल्टेज पाजायचं. मी म्हटलं, दहा टक्के वेग वाढवलास तर दहा टक्के जास्त वीज, एवढंच ना? तो म्हणाला, नाही. वीज वेगाच्या पटीत वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे दहा टक्के वेग आणि दहा टक्के व्होल्टेज वाढवलं तर 1.1 गुणिले 1.1 गुणिले 1.1.

"एक पूर्णांक तीनशे एकतीस," मी कॅल्क्युलेटरला हात न लावता म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा त्या बघण्यात आदर होता. मी काय मोठं केलं? दहा टक्क्यांनी तीन वर्षांचं चक्रवाढ व्याज ते. तो आकडा मी झोपेतही सांगेन. फरक एवढाच, की आमच्याकडे तेहतीस टक्के वाढायला तीन वर्षं लागतात आणि त्याच्याकडे एक स्लायडर.

मग तक्ता झाला. या कार्डांची वीजमर्यादा वीस टक्क्यांनी वाढवता येते, म्हणजे प्रत्येकी 300, दोघांचे 600. ताणलेला प्रोसेसर 150. मदरबोर्ड, रॅम, डिस्का, पंखे आणि नोकरचाकर मिळून 70. एकूण 820. चिरंजीव म्हणाले, मग 850 चा पुरे. बाजारातही बहुतेक जण तेच सांगत होते. पण ज्याचं कॅश क्रेडिट खातं रोज मर्यादेच्या शहाण्णव टक्क्यांवर असतं त्याला आम्ही उत्तम खातेदार म्हणत नाही, त्याच्या दुकानावर जाऊन येतो. आणि अण्णांनी अजून एक मेख मारली. म्हणाले, ही कार्डं सरासरी 300 घेतात, पण सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती मध्येच कितीतरी जास्त ओढून घेतात. तुमच्या मीटरला कळत नाही, एसएमपीएसला कळतं. मला लगेच कळलं. सकाळी अकराला मर्यादेपलीकडे उचल करायची आणि साडेअकराला भरून टाकायची, असे महाभाग प्रत्येक शाखेत दोन तरी असतात. त्यांच्यासाठी मार्जिन ठेवावं लागतं.

मंजुरी: एक हजार वॉट.

इथे गृहमंत्रालयाने हरकत घेतली. "हजार वॉट म्हणजे इस्त्री! हा मुलगा रात्रभर इस्त्री लावून ठेवणार?" ही गैरसमजूत चांगल्या शिकलेल्यांतही असते. हजार वॉटचा एसएमपीएस हजार वॉट ओढत बसत नाही. आतून मागणी होईल तेवढंच ओढतो. मी म्हटलं, अगं, कॅश क्रेडिट आहे हे. मर्यादा दहा लाखांची असली तरी व्याज उचललेल्या रकमेवरच. हे तिला पटलं, कारण तिचे वडीलही बँकेतच होते. फक्त एक बारीक अट आहे: फारच थोडी उचल असेल तर या डब्याची कार्यक्षमता घसरते, आतल्या आत थोडी जास्त वीज वाया जाते. म्हणजे न वापरलेल्या मर्यादेवरचा कमिटमेंट चार्ज. जगात कुठेही गेलात तरी बँकिंगच आहे, असं माझं हळूहळू मत होत चाललं होतं.

खरेदीला लॅमिंग्टन रोड. आता तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण कॉम्प्युटरवाल्यांना ते सांगून उपयोग नाही. डोंबिवलीहून दादर, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी, ग्रँट रोडला उतरायचं. जिना चढून दुकान. दुकान कसलं, खोक्यांच्या दोन भिंतींमध्ये अडकलेला एक माणूस. त्याने अर्ज ऐकून घेतला आणि एक एसएमपीएस माझ्या हातात दिला, मग दुसरा. काही बोलला नाही. पहिला पोकळ, पोह्याच्या डब्यासारखा. दुसरा हातात येताच मनगट खाली गेलं. आत मोठे ट्रान्सफॉर्मर, जाड कपॅसिटर, उष्णता शोषणारे धातूचे ठोकळे असले की वजन आपोआप येतं. वजनावरून सगळं ठरत नाही, पण नारळ हलवून बघितल्याशिवाय आपण तरी कुठे घेतो?

खोक्यावर '80 प्लस गोल्ड' असा शिक्का होता. मला बरं वाटलं. सोनेतारणाइतकं निर्धास्त कर्ज दुसरं नाही. साध्या 80 प्लसला भिंतीतून घेतलेल्या शंभरातले किमान ऐंशी वॉट आत पोचवावे लागतात, गोल्डला अर्ध्या लोडवर किमान नव्वद. उरलेल्याची उष्णता होते. तो शिक्का काटकसरीचा आहे, चारित्र्याचा नाही. म्हणून चष्मा पुन्हा लावला आणि 12 व्होल्टचा रकाना गाठला. 83 अँपिअर. बारा त्र्याऐंशी नऊशे शहाण्णव. हजाराच्या दाव्याला चार वॉट कमी, ते पूर्णांकात गेले असतील, सोडले. एकतीस वर्षांत इतकं प्रामाणिक स्टेटमेंट मी क्वचित पाहिलं होतं.

"साडेचौदा हजार," तो म्हणाला.

"फुकटवाल्याचं काय?"

"साहेब, त्याचे तुम्ही भरलेत की. मुलाचं कार्ड वाचलं का?"

वाचलं होतं. मी घासाघीस न करता पैसे दिले. हे घरी अजून सांगितलेलं नाही.

जोडणीच्या वेळी मी देखरेखीला होतो, आणि तिथेच एक गंभीर अनियमितता उघडकीस आली. प्रत्येक कार्डाला वीज तीन वाटांनी मिळते: मदरबोर्डवरच्या खाचेतून 75 वॉट, सहा पिनांच्या वायरीतून 75 आणि आठ पिनांच्या वायरीतून 150. बेरीज बरोबर 300. पण नव्या डब्याच्या एकेका वायरीला शेवटी दोन-दोन तोंडं होती, आणि चिरंजीव एकाच वायरीची दोन्ही तोंडं एका कार्डात खुपसून मोकळे होत होते.

"दुसरी वायर कुठाय?"

"पिशवीत. हिच्यावर चालतं, बाबा."

एकाच जामीनदारावर दोन कर्जं! सव्वादोनशे वॉट एका वायरीने वाहायचे, तेही ताणलेल्या कार्डासाठी. चालतं, हे मलाही माहीत आहे. चालता चालता ते तोंड कसं तापतं तेही माहीत आहे. मी चारही जागांना चार स्वतंत्र वायरी लावायला लावल्या. मग तो जुन्या डब्यातली एक वायर डिस्कसाठी वापरू लागला, तेव्हा अण्णांनी त्याचा हात धरला. प्लगचा आकार एक दिसला तरी डब्याच्या बाजूला कुठल्या पिनेत काय हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. चुकीची वायर लावली तर डिस्क जागच्या जागी जाते. तेवढ्यासाठी अण्णांना पुन्हा चहा झाला.

यंत्र सुरू झालं. पंखा फिरला, दोन्ही कार्डांवर लाल-निळे दिवे लागले, गेम उघडला आणि विसाव्या सेकंदाला सगळं पुन्हा काळं. या वेळी आवाज मात्र आला तो आमच्या जुन्या यूपीएसचा, टिटवीसारखा. त्याच्यावर '600' लिहिलेलं, पण ते व्हीए. वॉटमध्ये जेमतेम 360. पुन्हा तेच! ठळक अक्षरांतला आकडा वेगळा, कामाचा वेगळा. यूपीएस काढून टाकला. तेव्हापासून वीज गेली की चिरंजीवांचा गेम आणि माझ्या रक्तदाबाची गोळी घ्यायची आठवण, दोन्ही एकदम जायची.

बाकी गाडी सुरळीत चालली. भिंतीतून सव्वानऊशे वॉट, म्हणजे सुमारे 4 अँपिअर; साध्या प्लगला त्रास नाही. रोज चार तास खेळलं की महिन्याला शंभरावर युनिटं, त्यामुळे बिलाने 300 चा टप्पा ओलांडला आणि मी चार दिवस अबोला धरला. पण सव्वानऊशे वॉटची शेवटी उष्णताच होते. जुलैत, जेव्हा डोंबिवलीत रुमालही तीन दिवस वाळत नाही, तेव्हा सौ.नी कॅबिनेटमागे दोरी बांधली. ज्या बाईने इस्त्रीवरून हरकत घेतली होती, तीच संध्याकाळी म्हणू लागली, "आज खेळणार नाहीस का रे? तुझ्या बाबांची पँट ओली आहे."

आणि दुसरं कार्ड? ते पुढे पुढे बहुतेक गेमांत नुसतं बसून असायचं. दोन कार्डांना कामाला लावणं गेम बनवणाऱ्यांनी हळूहळू सोडूनच दिलं. पुढे कार्डांच्या कंपनीनेही नंतरच्या एका पिढीत अगदी वरच्या कार्डांनाच तो जोड ठेवला, आणि त्यापुढच्या पिढीत तोही काढून टाकला. वर्षभरात चिरंजीवांनी मायनिंगवालं कार्ड विकून टाकलं. पुढे नोकरी लागली, पुण्याला गेले, पहिलं कार्डही बरोबर नेलं. एसएमपीएस मागे राहिला. दहा वर्षांची वॉरंटी आहे. तिचा कागद मी मुदत ठेवींच्या पावत्यांच्या फाइलीत लावलाय, मुदत 2029. त्या डब्यावर आता माझा सुडोकूचा कॉम्प्युटर चालतो. उचल साठ वॉट. आमच्या बँकेने असं खातं केव्हाच बंद करून घेतलं असतं.

परवा पुण्याहून फोन आला.

"बाबा, तो एसएमपीएस आहे ना? पुढच्या शनिवारी न्यायला येतो. नवीन कार्ड घेतलंय, आरटीएक्स 4090."

"दोन?"

"एकच. एकच साडेचारशे वॉट घेतं."

मी वही शोधत होतो. "वायर कुठली लागते?"

"त्याचं नवीनच एक तोंड आहे, सोळा पिनांचं. पण आपला डबा चालेल, बरोबर अडॅप्टर आलाय. एका टोकाला ते तोंड आणि दुसऱ्या टोकाला आठ पिनांच्या चार वायरी लावायच्या."

एका कर्जाला चार जामीनदार. मी म्हटलं, "ये. येताना कार्डाचं खोकं घेऊन ये, लेबल बघायचंय."