निर्जीवांस बोलते करण्याची रीत

निर्जीव वस्तूला बोलतं करणं हे जोखमीचं काम आहे. भावनेच्या भरात करू नये. व्याकरणात याला चेतनगुणोक्ती म्हणतात. निबंधाच्या वहीत ‘फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त’ म्हणतात आणि त्याला गुण मिळतात.

आधी वस्तूचं लिंग बघावं. मराठीत ही सोय फुकट आहे. तोच सागवान, पण दरवाजा म्हटलं की तो, दार म्हटलं की ते. दरवाजाला गुरकावू द्यावं, दाराने फार तर कुरकुरावं. दोघांनाही अडकवून ठेवणारी कडी मात्र ती. (या वाक्यावर बायका हसतात, पुरुष घड्याळ बघतात.)

मग अवयव मोजावेत. खुर्चीला हात, पाय, पाठ. कंगव्याला दात, नारळाला शेंडी आणि डोळे, सुईला नाक, भिंतीला नुसतेच कान. म्हणजे निम्मं काम भाषेनेच उरकलेलं. तव्याच्या बुडाला ठिणग्या चमकल्या की आमची आजी म्हणायची, “तवा हसतोय, पाहुणे येणार.” १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनचा तर पुण्यात केक कापून वाढदिवस करतात. अशा लोकांपुढे लेखकाने फार शहाणपणा करू नये.

खरी गोची बोलण्यात. नवशिक्याची छत्री पहिल्या परिच्छेदात जन्मते, दुसऱ्यात फाटते, तिसऱ्यात देशाला संदेश देते. छत्रीला देशाचं काय माहीत? तिला एक खांदा माहीत, दुसरा कायम भिजलेला. आणि आपल्याला कुठे कुठे विसरलं, त्याची यादी तोंडपाठ. वस्तूने आपल्या कामापुरतंच बोलावं. हुंदके देऊ नयेत.

सरावाला कान तुटलेला कप घ्यावा. आमच्याकडे होता: सहाच्या सेटमधला, निळ्या फुलांचा, पाहुण्यांशिवाय कपाटाबाहेर न येणारा. एकदा घासताना कान निखळला आणि त्याची बदली न्हाणीघराच्या कोनाड्यात, वडिलांच्या दाढीच्या पाण्याला झाली. आई टाकू देईना. बशी कपाटातच राहिली, पाच कपांमागे सहावी.

या कपाचं बालपण, कुंभारवाडा, भट्टीचे चटके यांतलं काही लिहू नये. त्याला एकच वाक्य द्यावं. रोज सकाळी, तोंडाला फेस लागलेला असताना, त्याने हळूच विचारावं, “बशी कशी आहे?”