हक्क बुडवण्याची शास्त्रोक्त पद्धत

कायद्याने दिलेला हक्क आपोआप बुडत नाही, तो नेटाने बुडवावा लागतो. ही विद्या मध्यमवर्गीय घरांत पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली असून ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे तिचे बीजसूत्र आहे. सूत्रात तथ्य आहे; तारखांमागे चपला झिजवलेल्या कोणालाही ते पटेल. मात्र केवळ कोर्ट टाळून पुरेसे नुकसान होत नाही. पायरीच्या बऱ्याच अलीकडे, फुकटात किंवा हजारभर रुपयांत उरकणारी कामेही टाळावी लागतात.

प्रारंभ भाड्याच्या घरापासून करणे सोयीचे. एजंट सांगतो, ‘अकरा महिन्यांचा आहे, रजिस्टर करायची गरज नाही.’ हे वाक्य श्रद्धेने ऐकावे. त्याचा उगम नोंदणी कायदा, 1908 मध्ये आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी तो सक्तीची करतो, म्हणून बारातून एक वजा करण्याची युक्ती निघाली. महाराष्ट्रात ती चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती चुकवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नोंदणीची फी शहरात 1,000 रुपये आहे. ती वाचवून स्वतःच्याच घराच्या अटी सांगण्याचा अधिकार भाडेकरूच्या हाती देणारा मालक हा या शास्त्रातला सर्वांत निःस्वार्थी साधक होय.

भाडेकरूनेही मागे राहू नये. डिपॉझिट रोख द्यावे आणि पावती मागू नये, ‘माणसं चांगली आहेत.’ राहायला येताना भिंतीवरची ओल, तुटलेली कडी, गळका नळ यांचे फोटो काढू नयेत. घर सोडताना ‘रंगाचे पंधरा हजार कापले’ असे कळेल तेव्हा ओल कोणाच्या काळातली यावर जिन्यात उभे राहून बोलावे. जिन्यातल्या बोलण्याची नोंद कुठेच राहत नाही.

हातउसन्या पैशांचे प्रकरण अधिक नाजूक, कारण तिथे नातेवाईक असतात. साडूला दोन लाख देताना कागद करणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे घरात एकमताने ठरते. पुढची पायरी म्हणजे पैसे न मागणे. पहिल्या वर्षी त्याच्या मुलीचे लग्न असते, दुसऱ्या वर्षी गुडघ्याचे ऑपरेशन, तिसऱ्या वर्षी दिवाळीत विषय काढणे बरे दिसत नाही. मुदत कायदा, 1963 प्रमाणे अशा वसुलीच्या दाव्याला तीन वर्षे मिळतात. ‘मागशील तेव्हा देतो’ म्हणून घेतलेल्या पैशांची मुदतही मागितल्या दिवसापासून नव्हे, तर दिल्या दिवसापासून मोजतात. संकोची माणसाला कायद्याने केलेली ही मोठीच मदत आहे. मुदत संपण्यापूर्वी साडूकडून सहीनिशी लेखी कबुली घेतली तर तीन वर्षे नव्याने सुरू होतात, म्हणून ती घेऊ नये.

क्वचित साडू चेक देतो. तो कपाटात देवाच्या फोटोमागे ठेवावा. तीन महिने उलटले की बँक वटवत नाही. घाईने भरलाच आणि परत आला, तर खरा धोका सुरू होतो. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली, ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे आले नाहीत आणि त्यानंतर महिन्याभरात दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार झाली, तर साडूला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. अशा वेळी 30 दिवस फोन करण्यात घालवावेत. ‘पुन्हा भरा, या वेळी नक्की’ हे साडूचे उत्तर ठरलेलेच असते.

पोलीस ठाण्यात एकाच शब्दाकडे दुर्लक्ष केले तरी काम होते. लोकलमध्ये वीस हजारांचा मोबाइल चोरीला जातो. ठाण्यात तक्रार लिहून घेताना ‘चोरीला गेला’ऐवजी ‘गहाळ झाला’ अशी नोंद पडते. सिमकार्डापुरता तो कागद चालतोही, पण गहाळ होणे हा गुन्हा नसल्याने तपासही नसतो. एवढ्या किमतीची चोरी दखलपात्र आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 मध्ये दिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्द कोणतीही असो, माहिती घ्यावीच लागते आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी कळवता येते. हे सगळे माहीत असूनही ‘साहेब जेवायला गेलेत’ एवढ्यावर परत फिरावे.

खरेदीत मात्र फार कष्ट नाहीत. पक्के बिल नाकारावे, जीएसटी वाचतो. बिल मिळालेच तर त्यावरचे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य संसदेने मंजूर केले आहे असे समजावे. प्रत्यक्षात बिलावर मुदत दिली नसेल तर सदोष वस्तू 30 दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही, वकील लागत नाही, तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. इतक्या सोयी असताना टाळाटाळ करायला चिकाटी लागते. तक्रारीला दोन वर्षे मिळतात, ती कस्टमर केअरचे संगीत ऐकण्यात सहज जातात. त्यानंतरही सबळ कारण दाखवल्यास आयोग विलंब माफ करू शकतो. तेव्हा अर्ज करावाच लागला, तर कारणाच्या रकान्यात ‘वेळ मिळाला नाही’ एवढेच लिहावे.