खाचेचा कायदा

दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे केंद्रशासित प्रदेश २६ जानेवारी २०२० रोजी संसदेच्या कायद्याने एक झाले, तेव्हा मधला गुजरात आड आला नाही. परंतु तिथल्याच सिल्वासातील एखाद्या कचेरीच्या संगणकात डीडीआर३ पिढीच्या स्लॉटमध्ये डीडीआर४ पिढीची रॅम, म्हणजे चालू कामापुरती माहिती धरणारी पट्टी, बसवू पाहणाऱ्यास संसदेचा कायदाही तारत नाही, कारण पहिलीला २४० टोके व १.५ व्होल्ट, दुसरीला २८८ टोके व १.२ व्होल्ट, शिवाय पट्टीवरची खाचही वेगळ्या जागी. पिढी जुळली तरी वेगवान पट्टी मंद पट्टीशेजारी बसताच साधारणतः तिच्याच चालीने चालते. ही रीत कचेरीत कोणाला शिकवावी लागत नाही. त्यातून विंडोज ३२ बिटांची असल्यास ४ जीबीपलीकडची खरेदी केवळ बिलाची शोभा वाढवते.