तळमजल्यावर ठेवलेला मी

आमच्या घराला बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर आहे. त्याला साखळी आहे. आतल्या दाराला वर कडी, खाली बोल्ट आणि मध्ये लॅच आहे. चोराला आमच्या घरात शिरायचंच असेल, तर त्याला नोकरीतून दोन दिवसांची रजा काढून यावं लागेल. एवढं करून आत आला तरी त्याच्या हाती काय लागणार? एक जुना मिक्सर आणि सौ.च्या माहेरचं पितळी घंगाळं. ते तो नेणार असेल तर मी लिफ्टपर्यंत हात लावीन.

चोरण्यासारखा खरा ऐवज वेगळाच. माझं संपूर्ण नाव, पत्ता, पॅन, बँक खात्याचा क्रमांक, विम्याची रक्कम आणि ती मिळण्यासाठी मी कधी मरणं अपेक्षित आहे ती तारीख. हे सगळं खाली जिन्याशेजारी एका पत्र्याच्या पेटीत असतं, आणि त्या पेटीला दार नाही.

सगळ्याच पेट्यांची अशी अवस्था आहे असं नाही. काहींना दार आहे, पण कुलूप नाही. काहींना कुलूप आहे, पण किल्ली हरवलेली. तिथे मंडळी वरच्या फटीतून दोन बोटं घालून पाकिटं काढतात. आमच्या पेटीत आणखी एक गंमत आहे. फ्लॅटचे आधीचे मालक घर सोडून गेले, तरी पेटीतून गेले नाहीत. त्यांच्या पतपेढीचा वार्षिक अहवाल, म्युच्युअल फंडाचं पाकीट, दवाखान्याचं बिल असं सगळं नेमाने येतं. पोस्टात लेखी अर्ज दिला की टपाल नव्या पत्त्यावर वळवतात, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. त्यामुळे त्यांच्या गुडघ्यांची प्रगती मला त्यांच्या व्याह्यांच्या आधी कळते. मी सज्जन आहे म्हणून. नाहीतर एव्हाना मी ते स्वतः होऊन एखादं कर्ज काढलं असतं.

पेटीत न मावणारं टपाल वॉचमनच्या टेबलावर पडतं. तिथे दुसऱ्या मजल्यावरचे काका रोज सकाळी फिरून आल्यावर सगळ्यांची पाकिटं चाळतात. त्यांचं म्हणणं, ‘माझं काही आलंय का ते बघतोय.’ त्यांचं काही येत नाही, कारण त्यांनी सगळं ऑनलाइन करून घेतलंय. पाकिटावर ‘वैयक्तिक व गोपनीय’ असं लिहिलेलं असलं की काका ते उजेडाकडे धरतात. बँकांनी हे शब्द छापणं बंद केलं तर काकांचा निम्मा उत्साह मावळेल.

याचं मला खरंच वाईट वाटतं. पत्र नेमक्या ठिकाणी पोहोचावं म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशाला सहा आकडी पिनकोड दिला. त्या सहा आकड्यांच्या बळावर पत्र हजारो मैलांवरून आमच्या पोस्टात अचूक येतं. तिथून पोस्टमन उन्हापावसात ते इमारतीपर्यंत आणतो. पुढचे दोन जिने रामभरोसे.

एका पाकिटाने असं काय बिघडतं, असं मलाही कुणी विचारलं असतं तर मी खांदे उडवले असते. पण आमच्या मेहुण्यांचं गृहकर्ज अडलं. बँकेने सांगितलं, ‘तुमच्या नावावर मोटरसायकलचं कर्ज थकलंय.’ मेहुण्यांना सायकलही येत नाही. त्यांच्या पॅनची प्रत कुणाच्या तरी हाती लागली होती. टपालातून, झेरॉक्सच्या दुकानातल्या टोपलीतून की रद्दीतून, ते ब्रह्मदेवालाच ठाऊक. वसुलीवाले मात्र फोनवर इतके प्रेमाने बोलत, की बिचाऱ्यांना आपण खरंच कुठेतरी मोटरसायकल ठेवून विसरलो की काय, अशी शंका यायला लागली.

बरं, आपण कुलूप लावतो तेही कसं? ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ई-पॅनचा पासवर्ड म्हणजे जन्मतारीख. ही माहिती विम्याच्या एका कागदावर एकत्र मिळते, आणि जन्मतारीख तर काकांनाही पाठ आहे. ते वाढदिवसाला पेढे मागायला येतात. नवं कार्ड ओटीपीशिवाय सहसा सुरू होत नाही, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. म्हणून तर कार्ड लांबवणारा पाठोपाठ फोन करतो आणि ‘सर, तुमचं कार्ड डिस्पॅच झालंय, नंबर सांगा’ म्हणून गोड आवाजात तोही मागून घेतो.

सरकारचंही आपल्यासारखंच होतं. २०२२च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार द्या, असं पत्रक काढलं. दोन दिवसांत ते मागेही घेतलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. माझा तर पहिल्यांदाच योग्य समज झाला होता. तेव्हापासून मी प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहितो, ‘फक्त सिमकार्डासाठी’, आणि खाली तारीख टाकतो. दुकानदार माझ्याकडे विक्षिप्त म्हणून बघतो. बघू दे.

घरातली आघाडी सौ.ने उघडली. नाव-पत्ता असलेला कागद ती रद्दीत जाऊ देत नाही. आधी कात्रीने आकडे कापते, मग उरलेलं बादलीत भिजत घालते. गेल्या वर्षी त्या लगद्यातून मुलीच्या शाळेसाठी गणपतीचा मुखवटा झाला. प्रदर्शनात बक्षीस मिळालं, पण सोंडेवर माझ्या विम्याचा हप्ता अजून वाचता येत होता.

सोसायटीच्या वार्षिक सभेत मी पेट्यांना कुलपं लावण्याचा विषय मांडला. पाऊण तास चर्चा झाली, ती पेट्यांचा रंग कोणता असावा यावर. कॅमेरा लावायचं ठरलं आणि लागलाही. त्याचं तोंड पार्किंगकडे आहे, कारण चिटणिसांची गाडी तिथे असते. शेवटी मी स्वखर्चाने सुताराकडून दार आणि हार्डवेअरच्या दुकानातून कुलूप आणलं. दुसऱ्या दिवशी काकांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, ‘आमच्यावर विश्वास नाही का?’

तुमच्याकडे असे काका नसतीलही, पण रद्दी असेलच. तेव्हा एक काम करा. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फुकटातला पापडही न सोडणारे आपण, हा अहवाल मात्र कुणी मागवत नाही. मागवा. न घेतलेली मोटरसायकल दिसली तर लगेच त्या कंपनीकडे लेखी हरकत घ्या आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करा. फक्त तो अहवाल टपालाने मागवू नका.