डावीकडून पाचवं

आमच्या दिवाणखान्यात एकाच बोर्डावर आठ बटणं आहेत. सगळी पांढरी, सगळी सारखी. पाहुणे पंखा लावायला उठले की आधी बाल्कनीतला दिवा लागतो, मग टीव्ही बंद पडतो. घरातून आवाज येतो, "अहो, डावीकडून पाचवं!" म्हणजे चूक पाहुण्यांचीच. डॉन नॉर्मन या अमेरिकी अभ्यासकाने १९८८ साली अख्खं पुस्तक लिहिलं, की दोष बहुधा माणसाचा नसतो, मांडणीचा असतो. खोलीत दिवे जसे आहेत तशीच बटणं लावा. आमच्या वायरमनने ते वाचलेलं नसावं. वायर जिथे पोचली, तिथे त्याने बटण दिलं आणि पैसे घेऊन गेला. शेवटी सासूबाईंनी पंख्याच्या बटणावर लाल टिकली चिकटवली. आता पाहुणे आधी नमस्कार करतात.