अदृश्य नायकाची पटकथा

टोल्किनच्या ‘द हॉबिट’ची पटकथा मी लिहितो आहे. लिही म्हणून कुणी सांगितलेलं नाही आणि विकत तर कुणीच घेणार नाही. पीटर जॅक्सनने २०१२ ते २०१४ मध्ये त्या एवढ्याशा पुस्तकाचे तीन लांबलचक चित्रपट केले, तेव्हापासून माझं पित्त खवळलेलं आहे. पुस्तकात नसलेली टॉरिएल नावाची एल्फकन्या आणायची आणि तिला किली बुटक्याच्या प्रेमात पाडायचं, म्हणजे फारच झालं. मी ठरवलं, मूळ एकोणीस प्रकरणं घ्यायची आणि पदरचं काहीही घालायचं नाही.

पहिल्याच प्रकरणात कथानायक बिल्बोच्या घरी तेरा बुटके येऊन थडकतात. द्वालिन, बालिन, किली, फिली, डोरी, नोरी, ओरी, ओइन, ग्लोइन, बिफुर, बोफुर, बोंबुर आणि थोरिन. पुस्तकात ही नावं दोन ओळींत मावतात. पुढे त्यांतले निम्मे पानंच्या पानं तोंड उघडत नाहीत, तरी वाचकाचं काही अडत नाही. पडद्यावर मात्र तेराही जण दिसणार, आणि दिसणार म्हणजे प्रत्येकाला काहीतरी काम हवं. वऱ्हाडाच्या बसमध्ये डोकी मोजणाऱ्या काकांसारखी माझी गत झाली. प्रत्येक प्रसंगाआधी बघायचं, नोरी चढला का? ओरीला मी दाढी विंचरायला बसवलं आहे. ट्रोल त्याला पोत्यात कोंबतात तेव्हाच काय ती सुट्टी.

त्याहून मोठी पंचाईत नायकाची. गोलम नावाच्या प्राण्याबरोबरचा कोड्यांचा सामना हा पुस्तकाचा प्राण, पण तो रंगतो डोंगराच्या पोटातल्या काळोखात. तिथून बिल्बो बाहेर पडतो तो अंगठी घेऊन. ती बोटात घातली की माणूस अदृश्य. मग राक्षसी कोळ्यांना दगड मारतो तो अदृश्य राहून, एल्फराजाच्या तुरुंगातून बुटक्यांना पिंपांत भरून पळवतो तेही अदृश्य राहून.

माझा भाचा संकलक आहे. त्याने विचारलं, ‘‘मामा, ड्रॅगनच्या गुहेत पडद्यावर काय दिसतं?’’

‘‘ड्रॅगन.’’

‘‘आणि हिरो?’’

‘‘आहे की तिथेच. बोलतोय ना!’’

बरं, तो ड्रॅगन तरी नायकाने मारावा! त्याला मारतो बार्ड. हा गृहस्थ चौदाव्या प्रकरणात पहिल्यांदा भेटतो आणि त्याच प्रकरणात बाण सोडून मोकळा होतो. पुढे पाच सैन्यांची लढाई जुंपते आणि ऐन भरात असताना बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो. तो शुद्धीवर येईपर्यंत सगळं आटोपलेलं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा धंद्यातला हिशेब आहे. माझ्या महायुद्धाचा कळस तीन शब्दांत बसतो: ‘दगड. काळोख. दिवस.’

‘‘निदान शेवटचा घाव तरी बिल्बोला घालू दे,’’ भाचा कळवळून म्हणाला. मी ठाम नकार दिला. टोल्किनने १९३७ साली हे पुस्तक काढलं, ते नायकाला बाजूला बसवूनच. मोठमोठे इतिहास घडत असतात तेव्हा बिल्बोसारखी घरकोंबडी माणसं बहुधा बेशुद्धच असतात आणि जागी झाल्यावर आधी चहाची चौकशी करतात. म्हणून तर तो आपला वाटतो. त्याच्या हाती तलवार देऊन त्याला पराक्रमी केला, तर उरलेल्या बुटक्यांत एकाची भर, म्हणजे मला आणखी एक डोकं मोजणं आलं.

‘‘पण खर्च? सोन्याच्या डोंगरावर झोपलेला ड्रॅगन!’’

हौशी पटकथेत सोनं फुकट असतं. मी तो डोंगर आणखी दोन मजले वाढवला.

राहता राहिले हक्क. टोल्किन १९७३ साली गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या पश्चात साठ वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे १ जानेवारी २०३४ ला पुस्तक भारतात मोकळं होईल. ब्रिटनमध्ये हीच मुदत सत्तर वर्षं, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी आणखी दहा वर्षं कळ काढावी. तोवर एखादा निर्माता गाठता येईल. त्याला पटवण्याचा मुद्दाही माझ्याकडे तयार आहे: नायकासाठी महागडा नट घ्यायची गरजच नाही, आवाज बरा असला की झालं.